जंतू सापडला

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

पालघरच्या डॉक्टर हेतल मॅडमनी सांगितलं, वही ठेवा. हेमांगीनं दिवसभरात काय केलं आणि पुढचे दोन दिवस ती कशी होती, एवढंच लिहा. लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही. बोईसरच्या औषध कंपनीत अकरा वर्षं कॅप्सूल भरतोय, आणि तिथे कॅप्सूलपेक्षा कागदच जास्त भरावे लागतात. व्हाइटनर लावायचा नाही. चूक झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख. जे नोंदवलं नाही ते झालंच नाही असं धरतात. तेव्हा ही वही हेमांगीची, पण मधे मधे माझंही लिहीन. कोणापाशी तरी बोलायला हवं ना.

तर आधीपासून. दोन वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर बायकोला ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला, पण माणूस काही उठलं नाही. हीच हेमांगी माझ्या आईबरोबर पहाटेची टोपली घेऊन सातपाटीहून पालघरच्या बाजाराला जायची, आणि परत येऊन बांबूवर चढून बोंबील वाळत घालायची. हळदीत नाचायला लागली की बाकीच्या बायका बाजूला व्हायच्या. आता केस विंचरले तरी दोन तास पडून राहते. लग्नाला सात वर्षं झाली. मुलाचं बघायला डॉक्टरकडे जायचं ठरत होतं, तेवढ्यात हे उपटलं.

आज मॅडम म्हणाल्या, हा क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाल्या, थकव्याचा आजार. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. थकवा हा आजार असेल तर आमच्या लाइनवरचे सगळेच आजारी! मी फाइल उघडून चार रिपोर्ट पुढे टाकले. चारही वेळा टायफॉइडची विडाल टेस्ट पॉझिटिव्ह. चारही वेळा कोर्स केला. मग जंतू नाही म्हणता कसं?

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "नीलेश, ही टेस्ट एकदा ताप येऊन गेला की महिनोन् महिने पॉझिटिव्ह राहू शकते. तिच्या अंगात आत्ता टायफॉइड नाही. जंतूचं औषध देऊन उपयोग नाही, उलट नुकसान आहे."

हेमांगी टेबलावर डोकं टेकून बसली होती. ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे मी खोटं नाय ना बोलत?" मॅडम म्हणाल्या, "अजिबात नाही." तर ही बया रडायला लागली. मला कळेना, औषध नाही हे ऐकून कोणी आनंदानं रडतं का?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारी हेमानं केस धुतले. काल दुपारपर्यंत ठीक. काल संध्याकाळपासून आडवी. आज घास चावायचाही कंटाळा, बोललं तर डोळे मिटते. मॅडमनी सांगितलं होतं, श्रम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडेल, तेच या आजाराचं लक्षण. बरोबर तसंच झालं. पण मला विचाराल तर आत काहीतरी बसलेलं आहे आणि ते हलवलं की अंगावर येतं. नुसत्या केस धुण्यानं कोणी मरायला टेकतं का?

आई बाहेर वटवट करत होती. "आमी बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी टोपली उचलली. हिला काय, बसून खायला मिळतंय." मी ओरडलो तिच्यावर. मग पापलेटचं सार तिनंच करून आणलं आणि हेमाला चमच्यानं भरवलं. आई अशीच आहे, तोंडानं फटकळ.

२७ नोव्हेंबर, बुधवार

सापडला!

राहवलं नाही. काल हेमाला बाइकवर बसवून बोईसरला नेलं आणि मॅडमना न सांगता दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. आज रिपोर्ट. पॉझिटिव्ह, आणि आकडा मागच्या वेळेपेक्षा मोठा. माझे पाय जमिनीवर ठरेनात. लाइनवर शिवाजीला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे येड्या, बायको आजारी निघाली आणि तू पेढे वाटल्यासारखं काय सांगतोस?" त्याला काय कळणार? दोन वर्षं लोक विचारतात, काय झालंय तिला, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. जंतू आहे म्हटलं की उत्तर आहे. जंतू मारता येतो. मी दिवसाला लाखभर कॅप्सूल भरतो त्या कशासाठी?

मेहुलच्या मेडिकलमधून औषध घेतलं. चिठ्ठी त्यानं मागितलीच नाही, मला ओळखतो तो. स्ट्रिप उलटी करून बॅच नंबर बघितला. आमच्याच लाइनचा! दिवाळीच्या आधीची बॅच, मीच मशीनवर होतो. घरी येऊन हेमाला दाखवलं, बघ, तुझ्या नवऱ्याच्या हातची आहे. ती म्हणाली, "परत? मॅडम नको बोलल्यात ना?" मी म्हटलं, मॅडम पालघरला असतात, तू माझ्या घरात असतेस. कॅप्सूल घेतली तिनं. पाणी एक घोट.

२ डिसेंबर, सोमवार

पाच दिवसांत चमत्कार. हेमा काल ओट्यावर येऊन बसली. शेजारची नलू बोंबील निवडत होती, तिच्याबरोबर तासभर ही पण निवडायला बसली. हसली सुद्धा! नलूनं काहीतरी तिच्या नवऱ्याबद्दल चावट सांगितलं आणि हेमा तोंडाला पदर लावून हसली. मी दारात उभा राहून नुसता बघत होतो. किती महिन्यांनी तो आवाज ऐकला. आईनं देवीला नारळ बोलला.

औषध आज थांबवलं. सात दिवसांचं होतं, पण फरक पडला आणि तिच्या पोटाची वाट लागली होती, उगाच कशाला जास्त. उरलेल्या कॅप्सूल डब्यात ठेवल्यात, पुढे लागल्या तर.

मॅडम आता काय तोंड दाखवतील, बघू.

५ डिसेंबर, गुरुवार

पडली. मंगळवारपासून पडलीय. एवढी कधीच पडली नव्हती. खिडकीला चादर लावली, उजेड सहन होत नाही. बोंबील निवडल्याचा एक तास.

१६ डिसेंबर, सोमवार

आज मॅडमकडे. हेमानंच सांगून टाकलं, माझ्याकडे न बघता. पाचवा कोर्स, तोही अर्धवट. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुम्ही ही औषधं बनवता ना? मग अर्धवट कोर्सनं काय होतं हे मी तुम्हाला सांगायचं का? तिला जंतूसंसर्ग नसताना तुम्ही तिच्या पोटातल्या साध्या जंतूंना हे औषध पचवायला शिकवताय. उद्या खरंच गरज लागली तर काय देणार आहात?" आणि हेमा बरी वाटली ते या आजारात असंच चढ-उतार होतं म्हणून, औषधानं नव्हे.

आमच्याकडे ट्रेनिंगला वर्षातून दोनदा हेच शिकवतात. ऐकून सही करतो आणि वडापाव खायला बाहेर पडतो.

ठरलं. कानाला खडा. डब्यातल्या उरलेल्या कॅप्सूल मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो. आता जंतू हा शब्द घरात काढायचा नाही. आजार आहे तो आहे, तिला जपायचं. मॅडमनी अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल दिलीय, सकाळ-दुपार-संध्याकाळ चालेल म्हणाल्या. ताप रोज लिहायला सांगितलाय. आणखीही सांगत होत्या, थंडी वाजली, लघवीला जळजळ झाली तर थांबू नका, लगेच फोन करा, या आजारात माणसाला दुसरं काही होत नाही असं नाही. हे काय सगळेच डॉक्टर सांगतात. मी तेव्हा खाली रिक्षा मिळते का बघत होतो.

वहीत आजपासून तक्ता आखलाय. सात वाजता चहाबरोबर गोळी. माझी अंघोळ होऊन पावणेआठला ताप. दुपारची गोळी आई देते. संध्याकाळची गोळी सहाला, मी आलो की सातला ताप. एकदम पद्धतशीर. क्वालिटीवाल्यांनी बघितलं तर शिक्का मारतील.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

महिनाभर एकही दिवस चुकवला नाही. ताप ९८.२ ते ९८.६, कधीही वर नाही. हेमा बरी नाही, पण मोठं पडणंही नाही. बेत जमलाय. दिवसाला एकच काम. अंघोळ असेल तर बोलणं नाही, बोलणं असेल तर अंघोळ नाही.

हेमा पण हुशार झालीय. संडास परसात, सोळा पावलं. चार फेऱ्या झाल्या की दिवस संपला तिचा. म्हणून तिनं पाणीच कमी केलंय, सकाळी अर्धा तांब्या आणि मग गोळ्यांपुरतं. धरून ठेवते दुपारपर्यंत. मला भारी वाटलं, बसल्या जागी तीन फेऱ्या वाचवल्या की! वहीत फेऱ्यांचा रकाना केलाय: डिसेंबरात पाच, आता दोन.

आज तिळगूळ दिला. म्हणाली, "मी तुमच्याशी गोडच बोलते, तुमीच ओरडता." खरंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

हेमा म्हणाली, "कंबर दुखते. उजव्या अंगाला, बरगडीखाली." मी म्हटलं, अंग तर रोजच दुखतं. म्हणाली, "हे त्यातलं नाय. हे वेगळं हाय." मी तिच्या शेजारी बसलो आणि मॅडमनी समजावलं होतं तसं समजावलं. या आजारात नवी नवी दुखणी येतात, आपण त्यांच्यामागे धावायचं नाही, मागच्या वेळी धावलो तर काय झालं? ताप ९८.४.

एक सांगतो, आधीचा मी असतो तर आज बोईसरला लॅबमध्ये असतो. माणूस सुधारतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आईशी कडाक्याचं भांडण. कामावरून आलो तर दारातच तिनं गाठलं. "पोरगी दुपारी भट्टीसारखी तापली होती. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मी गोळी दिली तशी उतरली. डॉक्टरीणला फोन लाव." मी थर्मामीटर लावला. ९८.६. तिला वहीच दाखवली. दीड महिन्यात एकदाही ताप नाही, हे बघ. आई म्हणाली, "मला वाचता येत नाय, पण हात लावता येतो. वही तापली नव्हती, पोरगी तापली होती."

मी म्हटलं, मोजलं होतंस का? नाही ना? मग झालं. दुपारची वेळ, पत्र्याचं घर, त्यावर दोन गोधड्या, तापणारच. आई मला शिव्या देत मागे निघून गेली.

हेमा आतून म्हणाली, "मॅडमना एक फोन करा ना." मी म्हटलं, सोमवारी जायचंच आहे, दर वेळी उठून फोन केला तर त्या म्हणतील हा परत सुरू झाला. चारच दिवस. ती म्हणाली, "बरं." तोंड भिंतीकडे केलं.

उलटी एकदा. मळमळ यातही होते, मॅडमनी दिलेल्या पुस्तिकेत लिहिलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

हे हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून लिहितोय.

सकाळी चहा घेऊन गेलो तर हेमा म्हणाली, "बाबा होडीवरून आले काय?" तिचे वडील केळव्याला, सहा वर्षांपूर्वी वारलेत. मी हसलो. मग डोळे बघितले. ती माझ्याकडे बघत होती आणि मी दिसत नव्हतो तिला. हातपाय गार, श्वास धापा टाकल्यासारखा. मी आणि चुलतभाऊ अंकुश, दोघांनी चादरीत उचलून रिक्षात घातली. मॅडमनी बघितलं आणि दोन मिनिटांत इकडे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, स्वतः मागून गाडीनं आल्या. बीपी लागत नव्हतं. किडनीला संसर्ग, तो रक्तात उतरलाय. आयसीयूत आहे.

तिथल्या तरण्या डॉक्टरनं विचारलं, ताप किती दिवस? मी म्हटलं, नाही, ताप नाहीच, आणि वही पुढे केली. त्यानं मॅडमकडे दिली. मॅडमनी पानं उलटली. एक, दोन, तीन. मग विचारलं, "गोळी किती वाजता देता?"

"सातला. चहाबरोबर."

"आणि ताप कधी बघता?"

"पावणेआठला. अंघोळ झाली की."

"संध्याकाळी?"

मी सांगितलं, आणि सांगता सांगताच मला कळलं. मॅडम म्हणाल्या, "ती गोळी तापही उतरवते, नीलेश." मला माहीत नव्हतं का? पहिलीतल्या पोराला माहीत असतं. औषध कंपनीत अकरा वर्षं आहे मी! त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वहीतल्या त्या सगळ्या आकड्यांवर एकेक रेघ ओढावी असं वाटलं. पण आकडे खरे आहेत. चुकीचं असं काहीच लिहिलेलं नाही.

आई खाली बाकड्यावर बसलीय. माझ्याशी बोलत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लघवीचा रिपोर्ट आला. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध चालतं ते त्यात असतं. औषधांची यादी, आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. एस म्हणजे चालतं. आर म्हणजे जंतू त्या औषधाला भीक घालत नाही.

मला रिपोर्ट वाचता येतात. वरून वाचत आलो. आर, आर, आर. सहाव्या ओळीला आमचं औषध. त्याच्यापुढेही आर.

कितीतरी वेळ त्याच ओळीवर बोट ठेवून उभा होतो. ही कॅप्सूल मी भरतो. ती भरली म्हणून माझं घर चालतं. पाच वेळा मी माझ्या हातानं बायकोच्या तोंडात घातली. मॅडमना विचारलं, माझ्यामुळे? म्हणाल्या, "एकट्या तुमच्यामुळे असं सांगता येणार नाही. हल्ली असे जंतू पुष्कळ लोकांत सापडतात." मग म्हणाल्या, "पण हातभार लागलाच."

यादीत शेवटी दोन एस आहेत. त्यातलं एक इंजेक्शन सुरू केलंय, सलाइनमधून, दिवसात तीन वेळा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

हेमाला आयसीयूतून बाहेर आणलं. मला ओळखलं. पहिलं वाक्य, "कामावर नाय गेलात?" मी पलंगाच्या दांडीवर डोकं ठेवून रडलो. लाज वाटली नाही.

आणि आता जे लिहितोय ते मॅडमना दाखवणार नाही. हा जंतू खरा आहे. विडालचा खोटा नव्हे, लॅबनं बशीत वाढवून, नाव लावून दिलेला. इतकी औषधं पचवणारा हट्टी जंतू. मग हाच दोन वर्षं आत दबा धरून बसला असेल तर? म्हणूनच ती उठत नसेल तर? आता त्याच्या वरचढ इंजेक्शन मिळालंय. हा मेला की हेमा उठेल! शिवाजी भेटायला आला होता, त्याला सांगितलं. तो पण म्हणाला, होऊ शकतं. आईला सांगितलं तर आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "खरं बोलतोस?" म्हटलं, खरं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सातपाटीला कळलं की नीलेशच्या बायकोचा जंतू सापडला.

मॅडमना नुसतं आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही, नीलेश. हा नवा आहे. तो आजार वेगळा. आणि एवढं मोठं दुखणं झाल्यावर तो वाढण्याची भीती आहे." ऐकलं. पण डॉक्टरांना तरी सगळं कुठे माहीत असतं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरी आणली. चौदा दिवसांचा पूर्ण कोर्स, एकही डोस चुकला नाही. रिक्षातून उतरवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, मी आणि अंकुशनं खुर्ची उचलली. गल्लीतल्या बाया ओट्यावर उभ्या. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नलू म्हणाली, "चार दिवसांत नाचशील गो!" हेमानं मान वर करायला बघितली, ती झाली नाही. खुर्चीच्या पाठीला टेकून पडली.

अशक्तपणा आहे. एवढं इंजेक्शन म्हणजे अशक्तपणा येणारच.

२ मार्च, रविवार

उठून बसता येत नाही. उशी उंच केली तरी घाम फुटतो, छाती धडधडते. चमचा धरता येत नाही, आई भरवते. पाणी आता घोट घोट सारखं पाजतो, पलंगाशेजारी भांडं आहे. फेऱ्यांचा रकाना काढून टाकलाय.

बोलणं बंद. बोटानं सांगते. एक बोट म्हणजे पाणी. तळहात म्हणजे जा, आता नको.

अजून सहाच दिवस झालेत घरी येऊन. सहाच.

१३ मार्च, गुरुवार

आज होळी. आमच्याकडे शिमगा म्हणजे काय ते सांगायला नको. समोरच्या पटांगणात बँजो लागणार होता. दुपारी नुसतं वाजवून बघत होते तर हेमा कानांवर हात ठेवायला गेली आणि हात वर पोचेचना. मी कानात कापूस घातला, वरून टॉवेल बांधला. तरी डोळ्यांतून पाणी.

आई गेली पटांगणात. आयुष्यात कोणापुढे वाकली नाही बाई, बाजारात पोलिसाशी भांडलेली आहे. पोरांच्या हातापाया पडून आली की माझ्या सुनेसाठी एवढा एक शिमगा तिकडे बंदरावर न्या. नेला त्यांनी, चांगली पोरं आहेत. परत येऊन आई चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "हिला मी कामचुकार बोलले रे."

मी वहीत हेमाच्या बाजूला काही लिहिलं नाही. लिहायला काही नाही. तिनं आज काही केलं नाही, काल नाही, परवाही नाही. तरी पडलीच आहे.

१७ मार्च, सोमवार

कंपनीत मशीनवर उभा होतो. हॉपरमधून पावडर उतरत होती, कॅप्सूल खळखळ पडत होत्या. सगळं नेहमीसारखं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. शिवाजीनं विचारलं, वहिनी उठली का? म्हटलं, हो, थोडी. खोटं बोललो. किती जणांना किती वेळा नाही सांगायचं?

मॅडमनी लघवीची तपासणी परत करायला सांगितलीय. बाटली आज देऊन आलो. गुरुवारी रिपोर्ट. मनात म्हणतोय, अजून थोडा राहिला असेल. राहिलेला असू दे. थोडा राहिला असेल तर अजून मारता येईल.

बायकोच्या अंगात जंतू राहिलेला असू दे, असं देवाला सांगणारा पहिला नवरा मीच असेन.

२० मार्च, गुरुवार

रिपोर्ट घेतला. लॅबच्या पायरीवरच उघडला. जंतूंची वाढ नाही. औषधांची यादीच नाही या वेळी, एस नाही की आर नाही. अख्खा कागद कोरा आणि मधे ती एक ओळ. कंपनीत अशी ओळ आली की बॅच सुटते, सगळे खूश. मी कागद उलटून मागेही बघितला.

घरी आलो तर आई ओट्यावर वाट बघत होती. "काय आलं रे निल्या?" म्हटलं, साफ आलं. तिनं दोन्ही हात जोडले, आणि मी पुढे काही बोलायच्या आत नलूच्या दाराकडे निघाली.

आत गेलो. खिडकीला चादर, अंधार. हेमाजवळ जमिनीवर बसलो. आज तिला बोलायचं होतं, तळहात केला नाही. अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून तिनं विचारलं, "रिपोर्ट?"

"एकदम क्लीन. जंतू मेला."

"सगळा?"

"सगळा."

ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "म्हणजे आता जे उरलंय, ते माझंच."

तिचा हात हातात घेतला, तो नुसता पडून राहिला. बाहेर आई नलूला सांगत होती की रिपोर्ट साफ आला, आता पोरगी उठल, पाडव्याला ओट्यावर बघशील तू तिला. हेमाला सगळं ऐकू जात होतं. मी उठून दार लावून घेतलं.